लाल विटांच्या घरातलं चित्र

फर्निचर पॉलिशचा वास आला की केंब्रिजजवळचं ते लाल विटांचं जुनं घर आठवतं. दोन हजार सालानंतरचा कुठलासा उन्हाळा होता. गाईडबाई उंच खिडक्या, विटांची नक्षी दाखवत होत्या. हे सगळं कॅरिबियनमधल्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांच्या कष्टांतून उभं राहिलं, हेही त्यांनी सांगितलं. दिवाणखान्यात मालकाचं भलंमोठं चित्र होतं आणि त्याच चित्रात मालकाच्या मागे फळांचं ताट धरलेला एक काळा माणूस. "याचं नाव काय?" माझ्या नागपूरच्या मैत्रिणीनं विचारलं. "ते कुणी लिहून ठेवलं नाही," बाई म्हणाल्या. "नाव नसलं म्हणून काय झालं," मैत्रीण मला म्हणाली. तिनं बूट काढले, त्या माणसासमोर हात जोडले आणि हळूच "जय भीम" म्हणाली. बूट काढायची गरज नाही, असं सांगता सांगता बाई बाजूला सरकल्या. मालकाचं नाव त्यांनी तेव्हा दोनतीनदा तरी घेतलं असेल. आज ते मला आठवत नाही. ताट धरलेले हात तेवढे आठवतात.