गुडघाभर पाणी

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली कादंबरी पवार एकोणीस वर्षांची होती आणि गुडगावच्या उद्योग विहारातल्या एका शेडमध्ये दिवसाला साठ माश्या बांधत होती. खऱ्या नव्हेत. नखाएवढ्या गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस ठेवायचं, रेशमी दोऱ्याचे वेढे घ्यायचे, गाठ मारायची आणि वर वार्निशचा एक थेंब सोडायचा. झाली माशी. या माश्या डब्यांत भरून विलायतेला जात. तिकडचे लोक लांब लवचिक काठीनं त्या पाण्यावर टाकतात आणि माशाला खरंच काही येऊन बसल्यासारखं वाटतं, एवढं कादंबरीला ऐकून माहीत होतं. पाहिलं मात्र तिनं कधीच नव्हतं. पवारांच्या घरातलं कुणी पाण्याजवळ जात नसे.

त्याला कारण होतं. तिचे वडील गुलाबराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण नोकरीची शेवटची वर्षं दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये गेली आणि पुढे पालममध्येच दोन खोल्या बांधून ते राहिले. कॅन्टोन्मेंटमध्ये असतानाच, शहाऐंशीच्या मे महिन्यात, त्यांचा थोरला मुलगा धैर्यशील मित्रांबरोबर वजिराबादला यमुनेत पोहायला गेला आणि परत आला नाही. सोळा वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून आई, कुसुमावती, घरात पाणी भरलेलं टपसुद्धा ठेवू देत नसे. पालमला पाण्याची बोंब, टँकर आला की सगळी गल्ली पिंप भरून ठेवायची. आईच्या पिंपावर झाकण असे आणि झाकणावर दोन विटा.

शेड ज्यांची होती त्या भानुमती सरदेसाई एका कर्नलच्या विधवा होत्या. नवऱ्याच्या हिमाचलातल्या पोस्टिंगमध्ये त्या मासे धरायला शिकल्या होत्या. परदेशी व्यापाराची दारं उघडली तेव्हा नवऱ्याच्या ओळखीतल्या एका इंग्रज व्यापाऱ्याला पत्र लिहून त्यांनी हा उद्योग थाटला. बारा मुली कामाला होत्या. मराठी एकटी कादंबरी, म्हणून तिच्याशी त्या मराठीत बोलत आणि त्याची दोघींनाही जरा चैन वाटे.

एकदा विलायतेहून दोन डबे परत आले. माश्या तरंगत नाहीत, बुडतात, अशी तक्रार होती. भानुमतीबाईंनी डबा कादंबरीपुढे ठेवला.

"मॅडम, पण तरंगते म्हणजे कशी दिसते?" कादंबरीनं विचारलं.

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, तू एकदाही पाहिली नाहीस? दोन वर्षं झाली! रविवारी चल माझ्याबरोबर."

कादंबरी नाही म्हणणार होती. तोंडातून "अच्छा" निघून गेलं. घरी तिनं सांगितलं, ओव्हरटाइम आहे.

सोहन्याच्या पुढे अरवलीच्या टेकड्यांत दमदम्याचं तळं आहे. बाईंची जुनी मारुती बांधापाशी थांबली तेव्हा कादंबरी गाडीतून उतरेना. पाणी हिरवट होतं, संथ, पार टेकडीपर्यंत पसरलेलं. बाईंनी आग्रह केला नाही. काठी जोडली, रिळातली दोरी ओढली आणि काठावर उभ्या राहून टाकायला सुरुवात केली. दोरी मागे गेली, हवेत उलगडली, मग पुढे येऊन अलगद पाण्यावर पडली. एकदा, दोनदा, दहादा. शेवटी कादंबरी उतरली आणि काठापासून चार हातांवर येऊन उभी राहिली.

"मागे गेलेली दोरी पुरती उलगडू द्यायची," बाई म्हणाल्या. "तोवर थांबायचं. घाई केलीस की चाबकासारखी वाजते आणि माशी तुटून जाते. सगळी कला त्या थांबण्यात आहे."

त्या थांबण्याची कादंबरीला चटक लागली. काठी मागे नेली की डोळ्यांना न दिसणारं काहीतरी पाठीमागे लांब होत जातं, हाताला त्याचं वजन कळतं, आणि तेवढा क्षण डोक्यात दुसरं काही येत नाही. आठ वर्षांत असा रिकामा क्षण तिला मिळाला नव्हता. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी बोटभर लांबीची एक चिलवा मासळी, चांदीच्या पत्र्यासारखी, तिच्याच हातच्या माशीवर झेपावली. बाईंनी हात ओला करायला सांगितला. कादंबरीनं गळ सोडवला, मासळी पाण्यात ठेवली. ती क्षणभर तिथंच राहिली, मग गेली. कादंबरी उकिडवी बसून रडत होती. भानुमतीबाई दुसरीकडे तोंड करून उगाचच डब्यातल्या माश्या लावत बसल्या.

हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ती पालमच्या बसस्टॉपवर उभी होती, तर मफलर गुंडाळलेले गुलाबराव शेजारी येऊन उभे राहिले.

"ओव्हरटाइमला चाललीस?"

"हो, बाबा."

"काल बाजारात ती तुझी सोनम भेटली. म्हणाली, रविवारी फॅक्टरी बंद असते."

सोनम म्हणजे गल्लीतलीच पोरगी, शेडमध्ये कादंबरीच्या शेजारी बसणारी. कादंबरीनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.  बस आली तसे गुलाबराव तिच्यामागून चढले.

भानुमतीबाईंनी उद्योग विहारातून दोघांना गाडीत घेतलं. तळ्यावर पोचल्यावर सुभेदारांनी बांधावर वर्तमानपत्र अंथरलं आणि पाण्याकडे पाठ करून बसले. दोन तास तसेच. दुपारी बाई डबा आणायला गाडीकडे गेल्या, तेव्हा कादंबरी त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"बाबा, एक सांगायचंय. दादा त्या दिवशी पोहायला जाणार होता, मला माहीत होतं. आईला सांग क्रिकेटला गेलाय, असं मला म्हणून गेला. आईनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी क्रिकेटच सांगितलं."

अकरा वर्षांची असल्यापासून हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

गुलाबरावांनी मफलर सोडला, परत गुंडाळला. "तू तर लहान होतीस, पोरी," ते म्हणाले. "मला विचारून गेला होता तो. मी म्हटलं, जा बिल्कुल, फौजीच्या पोरानं पाण्याला भ्यायचं नसतं. टॉवेल मी दिला. माझा हिरवा. काठावर सापडला तेव्हा तुझी आई म्हणाली, हा इथं कसा? मी म्हटलं, नेला असेल न विचारता."

 तळ्यावर बदकं उतरत होती. गुलाबराव म्हणाले, "तुझ्या आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. दोन्हींतलं." आणि ती बरं म्हणाली.

त्या दिवसापासून बापलेकीचं एक वेगळंच नातं झालं. गुलाबराव स्वतःच सकाळी हाक मारत, "चलो, ड्यूटी!" आणि आईसमोर ओव्हरटाइमची तक्रार करत. पाण्याकडे त्यांनी कधी तोंड केलं नाही, पण दोरीच्या आवाजावरून ते सांगू लागले, "ही चांगली पडली." कादंबरीचा हात बसला. फेब्रुवारीत इंग्रज व्यापारी माल बघायला आला, तळ्यावरही आला, आणि साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या कादंबरीचा त्यानं फोटो काढला. दोरीचं मोठं वळण तिच्या डोक्यावर हवेत होतं. "अशी दोरी टाकणारी माणसं आमच्याकडेही थोडी आहेत," असं तो म्हणाल्याचं बाईंनी तिला सांगितलं. ती आठवडाभर हवेत होती.

जुलैत त्याचा नवा कॅटलॉग आला. मधल्या पानावर तो फोटो होता, पानभर.

चूक कुणाची म्हणायची? सोनमनं आनंदानंच केलं. कादंबरी त्या दिवशी पॅकिंगसाठी थांबली होती. सोनम एक प्रत घेऊन थेट पवारांच्या दारात गेली. "आंटी, देखो तो, अपनी कादंबरी किताब में छप गई!"

कुसुमावती कणीक मळत होती. तिनं हात पुसले आणि फोटो पाहिला. सोनमनं नंतर सांगितलं, ती बोटानं फोटोतल्या पाण्याची रेघ चाचपत राहिली, तिच्या मुलीच्या पायावर ती कुठपर्यंत येते ते.

संध्याकाळी कादंबरी आणि गुलाबराव दोघंही घरात आल्यावर तिनं कॅटलॉग जमिनीवर ठेवला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं, आई. तिथं पाणी खोल नाही. मॅडम असतात बरोबर..."

"यमुनाही काठाशी खोल नव्हती." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

कादंबरीनं बाबांकडे पाहिलं. आता बोलतील, असं तिला वाटलं. निदान एवढं तरी म्हणतील, मी असतो तिथं, मी बघतो तिच्याकडे. गुलाबराव बुटाची नाडी सोडत होते. सोडलेली नाडी त्यांनी पुन्हा एकदा सोडली.

"नाही," ते म्हणाले.

आई रडली नाही की ओरडली नाही. तिनं कादंबरीचा हात धरून धैर्यशीलच्या फोटोखाली नेला. "याची शपथ घे. पुन्हा पाण्यात पाय घालणार नाहीस. एकाला पाण्यानं नेलं, ते सोसलं मी. दुसरी आपल्या पायानं चालत जाणार असेल, तर मला आधी जाऊ दे."

तो फोटो नसता तर कादंबरी कदाचित भांडली असती. पण ज्याच्यासाठी ती दोनदा खोटं बोलली होती तोच समोरून हसत होता. तिनं शपथ घेतली.

आणि पाळली. भानुमतीबाई म्हणाल्या, शेडमागच्या मोकळ्या जागेत गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून दोरी टाकत जा, तिथं कुठं पाणी आहे? कादंबरी म्हणाली, "नको, मॅडम. ती पण पळवाटच." बाबांशी ती पूर्वीसारखीच बोलत राहिली, जेवायला वाढत राहिली. पण रविवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन दारात उभे राहत, तेव्हा ती कपडे धुवायला घेई.

नव्याण्णव साली इंग्रज व्यापाऱ्यानं काम दुसऱ्या देशात नेलं, तिथं माश्या स्वस्त पडत होत्या. शेड बंद झाली. भानुमतीबाई मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना आपली काठी त्यांनी कादंबरीच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "तुला शिकवलं याचं मला कधी वाईट वाटायला लावू नकोस." काठी घरी नेणं शक्य नव्हतं. ती सोनमच्या माळ्यावर पडली. कादंबरीला त्याच रस्त्यावर कपड्यांच्या एका कारखान्यात बटणं तपासायचं काम मिळालं. शेतांच्या जागी काचेचे टॉवर आले, गाड्यांची रीघ लागली. तिला दोन स्थळं सांगून आली, जमलं नाही. मग आईची किडनी बिघडली आणि तो विषयच मागे पडला.

डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला दोन पेले, तेही मोजून. जन्मभर पाण्याला भ्यालेली कुसुमावती ओठ कोरडे पडले की लहान मुलासारखं पाणी मागायची आणि कादंबरीला नाही म्हणावं लागायचं. शेवटच्या महिन्यात एके दुपारी आई अचानक म्हणाली, "तू परत गेली नाहीस ना गं?"

"नाही, आई. एकदाही नाही."

"माहीत आहे मला. मासळी कशी धरायचीस ते सांग तरी."

कादंबरीनं सांगितलं. पीस, दोरा, मागे जाणारी दोरी, थांबणं, चिलवा. हात ओला करून सोडून द्यायचं तेही सांगितलं.

"सोडून द्यायचीस?"

"हो."

"मग धरायचं कशाला?"

कादंबरीनं ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला. आई वाट बघत राहिली, मग तिनं डोळे मिटून घेतले. आता म्हणेल, जा गं, सोडली शपथ, अशी आशा कादंबरीला त्या दिवशी वाटली आणि त्यानंतरही रोज वाटत राहिली. आई गेली ती तसं काही न बोलताच.

तेरावं झाल्यावर घर रिकामं झालं. गुलाबराव पिंपावरच्या विटा काढून अंगणात ठेवत होते. कादंबरी उंबऱ्यात बसली होती.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांना वाटलं असावं, ती आणखी काही बोलेल. जाऊ दे, झालं ते झालं, असं काही. तिनं एक वीट उचलून भिंतीशी ठेवली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मलाच तुझ्या आईची भीती वाटली. तिनं एक विचारलं असतं की दुसरं विचारलं असतं. मग टॉवेल निघाला असता."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

पुढच्या मार्चमध्ये तिनं सोनमकडून काठी आणली. सात वर्षांत माळ्यावरच्या उंदरांनी दोरी कुरतडली होती, पण काठी शाबूत होती. दोरीचा चांगला उरलेला तुकडा तिनं पुन्हा रिळाला बांधला. रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा गुलाबराव मफलर घेऊन दारात उभे होते. आता ते काठी टेकत चालत.

"मी येऊ का?"

"नको, बाबा," ती म्हणाली. रागानं नाही. ते आत वळले.

दमदम्याचं पाणी फार आटलं होतं. जिथं बाई उभ्या राहत तिथं म्हशी चरत होत्या. ती भेगाळलेल्या चिखलावरून चालत पाण्यापर्यंत गेली, चपला काढल्या आणि बराच वेळ काठाशीच उभी राहिली. शपथ देणारी नव्हती, ज्याची घेतली तोही नव्हता, पण शपथ होती. मग तिनं एक पाऊल आत टाकलं. पाणी अजून गार होतं. काठी मागे नेली, थांबली, आणि हातानं घाई केली. दोरी चाबकासारखी वाजली, माशी तुटून मागं कुठंतरी चिखलात पडली. शेडमधल्या जुन्या माश्यांच्या डब्यातून तिनं दुसरी काढली आणि बांधायला घेतली. दोरा गळाच्या भोकातून जाईना; तिनं टोक ओठांनी ओलं केलं आणि पुन्हा घालून पाहिलं.