चाचांची बारा फुलं

इस्माईल चाचा कुणालाही माफ करत नसत. भिकाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाहीत, पण माफीचा विषय निघाला की म्हणायचे, "ते काम वरच्याचं आहे, बेटी. मी साधा फोटोवाला." अंजनेरीच्या उतारावर एका तपकिरी बकरीने, त्यांनी तासभर जपलेलं फूल कॅमेऱ्यासमोरच खाऊन टाकलं. त्यानंतर दर बकरी ईदच्या आधी ते बकरीवाल्याला विचारायचे, "ती तपकिरी विकायची का?" तो म्हणायचा, "नाय चाचा, लय दूध देती हो." चाचा म्हणायचे, "हरकत नाही. पुढच्या वर्षी विचारतो."

भद्रकालीत त्यांचा स्टुडिओ होता. पंचाहत्तर साली मी भंडाऱ्याकडून लग्न होऊन नाशकात आले. सातवीतच शाळा सुटलेली, नवरा सातपूरच्या कारखान्यात, आणि मला सगळ्याचीच धास्ती. बस चुकेल, दुकानदार माझ्या बोलण्याला हसेल, अशी. चाचांना निगेटिव्हचं टचिंग करायला माणूस हवं होतं. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर फिकट रेघेसारखी दिसते. टोकदार पेन्सिलीने ती हलकेच भरली की फोटोत कातडी गुळगुळीत येते. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. चाचा म्हणाले, "चांगलं आहे. थरथरणारा माणूस दाबून लिहीत नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी त्या शहरात राहिले.

पावसाळा सरत आला की रविवारी स्टुडिओ बंद. मी, माझा नवरा आणि चाचा त्र्यंबकच्या एसटीने अंजनेरीला रानफुलांचे फोटो काढायला जायचो. बारीक फूल मोठं दिसावं म्हणून लेन्स उलटी बसवून चाचा चिखलात पालथे पडायचे. वारा आला की फूल हलायचं, आणि ते श्वास धरून थांबायचे. माझा नवरा कंटाळून म्हणायचा, "चाचा, आता दाबा की बटण." ते तोंड न वळवता म्हणायचे, "वारा तुझ्या कारखान्यात कामाला आहे का? भोंगा झाला की थांबायला?"

एकदा त्यांनी मला कॅमेऱ्यातून बघायला लावलं. ज्याच्यावर मी चप्पल ठेवणार होते ते तिळाएवढं जांभळं फूल होतं. आत पिवळ्या ठिपक्यांची एक रांग, थेट तळापर्यंत गेलेली. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. उठले तेव्हा पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं आणि चाचा हसत होते. त्यानंतर फुलं मीच शोधायला लागले. दिवसभर लोकांच्या गालावरचे बारीक डाग शोधणारीला गवतातलं काय दिसणार नाही?

मग तो कॅलेंडरवाला आला. त्याचं नाव मी लिहिणार नाही, तेवढीही जागा त्याला द्यायची नाही. मोठा छापखाना, व्यापाऱ्यांत वजन. त्याने चाचांच्या बारा रंगीत स्लाइड निवडल्या. प्रत्येक फुलाखाली चाचांचं नाव छापायचं ठरलं. त्यातली चार फुलं मी शोधलेली, म्हणून मीही वाट बघत होते. कॅलेंडर आलं. बाराही महिन्यांखाली त्याच्या मुलाचं नाव होतं. ज्याला कॅमेऱ्यात रीळ भरता येत नव्हतं, त्या मुलाचं.

आम्ही छापखान्यात गेलो. मुलाला शेजारी बसवून तो चहा पीत म्हणाला, "अहो चाचा, गवताला कुणी मालक असतो का? पोराची हौस झाली, एवढंच." चाचांनी स्लाइड मागितल्या, त्यांना दुसरी प्रत नसते. "बघू, सापडल्या तर पाठवतो." चाचा तसेच जिना उतरले. बोलले मी, घरी, पोळ्या लाटताना. नवऱ्याने शेवटी विचारलं, "ह्या शिव्या तुला कुणी शिकवल्या?" ते कॅलेंडर न्हाव्याकडे होतं, दवाखान्यात होतं, आमच्या घरमालकाच्या ओट्यावर होतं. वर्षभर पान उलटलं की मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

सात-आठ वर्षं गेली. एक दिवस तोच माणूस स्टुडिओत आला. त्याची एकसष्टी होती, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर फोटो हवा होता. "तुमच्याकडचं टचिंग नाशकात नंबर एक, असं ऐकलं म्हणून आलो," म्हणाला. आम्हाला तो विसरला होता. चाचांना त्या विसरण्याचाच जास्त राग आला. त्यांनी त्याला खिडकीशी बसवून, फुलांना द्यायचे तसला तिरपा उजेड दिला. देवीचे वण, कानातले केस, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं निगेटिव्हवर उतरलं. तो गेल्यावर चाचा म्हणाले, "याला पेन्सिल लावायची नाही. जसा आहे तसा छापू दे."

मी म्हणाले, "चाचा, तो स्टुडिओ बंद पाडेल. आणि तो बजावून गेलाय, एकही सुरकुती दिसता कामा नये."

"मग तुझं तू बघ," असं म्हणून ते रागाने आत गेले.

मी चार दिवस बघितलं. त्याने सांगितलं तेच केलं, फक्त थांबले नाही. सुरकुत्या भरल्या, वण भरले, पिशव्या भरल्या, गालांचे खड्डे भरले. इतकं मन लावून मी माझ्या आईच्या फोटोवरही काम केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी निगेटिव्हमधून त्याचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. चौथ्या दिवशी तो पुरता उमटला. फोटो पाहून कॅलेंडरवाला खूश झाला, "वा, वा" करत घेऊन गेला.

समारंभाचं आमंत्रण आम्हालाही होतं; चाचा आणि मी मागच्या रांगेत होतो. सगळ्यांच्या हातात स्मरणिका. निफाडचे एक बागायतदार हार घेऊन मंचावर चढले. उत्सवमूर्तीला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मुखपृष्ठ बघितलं, समोर बघितलं, आणि हार सरळ शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या गळ्यात घातला. शालही त्यालाच. कॅलेंडरवाला मान पुढे काढून तसाच उभा. आधी बायका हसल्या, मग सगळा हॉल.

चाचा मला हाताला धरून मंचाजवळ घेऊन गेले. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, माझ्या बारा फुलांखाली तुम्ही मुलाचं नाव टाकलंत. आज तुमच्या नावावर मुलाचा चेहरा आलाय. हे काम हिचं आहे. कांता मेश्राम. चार फुलंही हिचीच होती." त्याला तेव्हा आठवलं. आठवताना त्याचा चेहरा कसा झाला ते मी अगदी जवळून पाहिलं, आणि अजून मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढे त्याच्या ओळखीतली लग्नाची कामं आमच्याकडे यायची बंद झाली. चाचांनी कधी बोलून दाखवलं नाही. वर्षभराने ते छातीच्या दुखण्याने गेले. पण त्याआधी, समारंभानंतर महिनाभरात, छापखान्याचा शिपाई एक पाकीट देऊन गेला. चिठ्ठी नव्हती. आत बारा स्लाइड होत्या.

चाचांनी त्या माझ्या टचिंगच्या काचेवर मांडल्या, खालचा दिवा लावला आणि भिंग घेऊन बसले. पासपोर्ट फोटोला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी परत पाठवलं. दुपारी मी विचारलं, "चाचा, मग आता त्याला माफ?"

"नाही," ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "इकडे ये. या पाकळीच्या कडेला लव आहे, बघ. तेव्हा मला दिसलीच नव्हती."