दगूबाईची कडी

रनाळ्याच्या दगूबाईला अक्षरओळख नव्हती. पण राज्यघटनेतील दोन शब्दांचा अर्थ मला तिच्याच उंबरठ्यावर उमगला, म्हणून आज हे तिचे गुणगान.

तिचा नवरा भिला दरोड्याच्या संशयातून निर्दोष सुटला होता. ठाण्याच्या वहीतून मात्र त्याचे नाव सुटले नाही. आठवड्यातून दोनदा रात्री गिरधर हवालदार दार ठोठावी, आत येऊन अंथरुणावर कंदील धरी आणि भिला घरीच असल्याची खात्री करी. जाताना दगूबाई त्यालाही तांब्याभर पाणी देई. दारी आलेल्याला कोरडे पाठवायचे नाही, हे तिचे व्रत!

त्रेसष्टच्या जानेवारीत तिची लेक फुलीबाई माहेरी बाळंत झाली. खोली एकच, बाळंतीण पाच दिवसांची, आणि दारावर थाप पडली. दगूबाईने त्या रात्री कडी काढलीच नाही. सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला झाला. तुरुंगाचे तिला भय नव्हते. शिक्षा झाली तर आपल्या कडीला पुढे काही मोलच उरणार नाही, हे भय होते.

नंदुरबारच्या कोर्टात मीही गेलो. सरकारी वकिलांनी विचारले, "एरवी हवालदाराला तुम्ही पाणी देत होतात ना? म्हणजे येण्याला तुमची संमतीच होती."

"पानी तं मी वाटसरूलेबी देस, साहेब. म्हनीसन घर त्यानं व्हयनं का?"

कोर्ट हसले. खाली मान घालून गिरधरही हसला.

मग तिचे वकील मोतीलाल उठले. त्या रात्रीच्या महिनाभर आधीच आलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांनी पुढे ठेवला. खासगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे. तरीही 'व्यक्तिगत स्वातंत्र्य' या शब्दांत त्या न्यायमूर्तींना माणसाची स्वतःच्या घरातली निर्धास्त झोप दिसली, आणि पाळतीसाठी रात्री घरात शिरण्याचा एका राज्यातला नियम त्यांनी रद्द ठरवला. अहो, शेजारती झाली की देवालाही आपण दार लोटून निजू देतो. मग ज्याच्या हृदयी तो देव वसतो, त्या माणसाला का नाही?

न्यायाधीशांनी तो निकाल दोनदा वाचला आणि दगूबाईला निर्दोष सोडले.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. गिरधर आला, अंगणातच थांबला.

"दगूमाय, ईऊ का?"

"नको ई भाऊ, नातू निजेल शे. वट्टावर बस, पानी लयस."

तो माझ्याशेजारी टेकला. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळाने, तीच कडी काढून, दगूबाई तांब्या घेऊन बाहेर आली.