ज्यांची गाडी आधी आली

निखाऱ्यांवर टाकलेल्या घासाचं तूप अजून तडतडत होतं. अकोल्याहून आलेल्या पाहुणीच्या सुनेनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला, त्यावर बोट फिरवलं आणि मला विचारलं, “मावशी, कोणत्या हाताची म्हणालात?”

“डाव्या,” मी म्हटलं. “करंगळी. पार मुळातून गेलती. विळ्यानं.”

हे मी ऐटीत सांगितलं. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता, पंगत बसली होती. जावई, नातू, गल्लीतली माणसं पत्रावळींवर होती आणि मी निखाऱ्यांपुढे बसून माझ्या बुडालेल्या बापाची गोष्ट सांगत होते. दरवर्षी सांगते.

सुनेनं कागदावरून मान वर केली नाही. खालीच पाहत म्हणाली, “मावशी, ज्याला करंगळी नाही तो बुडालेला नाही. तो वाचला. म्हणजे वाचला तो तुमचा. बुडाला तो आमचा.”

जावयानं भज्याकडे गेलेला हात मागे घेतला. थोड्या वेळापूर्वी याच ओसरीवर मी त्या म्हाताऱ्या पाहुणीला जे बोलले होते, ते या सगळ्यांनी ऐकलं होतं.

आमची जात माळ्याची, वावर भातकुलीच्या बाजूला. तिकडे विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यावर वांगं जगतं, पण मेथी पिवळी पडते. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात माझा बाप या पाण्याला कंटाळून मुंबईला गेला आणि तिथून जहाजावर चढला. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. मी तेव्हा पाळण्यात होते. मग जहाज बुडालं आणि तो मेल्याचा कागद आला. आईनं बांगड्या फोडल्या. मला भाऊ नाही. पुढे माझा नवरा घरजावई आला, म्हणून बापाचा कागद आणि बापाची आगारी दोन्ही माझ्याकडे राहिली.

आगारी म्हणजे अखाजीला निखाऱ्यांवर पितरांच्या नावानं टाकायचा घास. पुरणपोळी, आमरस, वर तूप. ज्याचं नाव घ्याल त्याला पोचतो, असं मानतात.

मेलेल्या बापाचं मला कधी दुःख झालं नाही. पाहिलाच नव्हता, दुःख कशाचं? अभिमान मात्र होता. शाळेत मी चौथीपर्यंत होते. मास्तर नकाशात समुद्र दाखवत तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघे. लोक गमतीनं म्हणत की बापानं पोरीसाठी समुद्राचं पाणी विहिरीत पाठवलं. लग्नाच्या वेळी बापाविषयी कोणी काही विचारलं नाही. कामावर मेलेल्या माणसाबद्दल काय विचारणार?

दोन वर्षांपूर्वी नातवानं त्या कागदाचा फोटो काढून समाजाच्या ग्रुपवर टाकला. आमचं आडनाव असं आहे की अमरावतीच्या भाजीबाजारात त्या नावानं हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळून बघेल. फोटो बरेच दिवस फिरला. मग अकोल्याहून, जठारपेठेतून, एका बाईचा फोन आला. शाळेत शिकवते म्हणाली. तिच्या सासूचा बापही त्याच जहाजावर होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तर तेच. फक्त त्यांचा माणूस वाचला होता.

ही सून बरीच वर्षं जहाजांच्या याद्या धुंडाळत होती. आमच्या आडनावाचे खलाशी तिला ढिगानं सापडले, कोकणातले, घाटावरचे, कुठले कुठले. प्रत्येक वेळी सासूला वाटे हा आपला, आणि प्रत्येक वेळी गाव दुसरंच निघे. आमच्या कागदामुळे जहाजाचं नाव हाती लागलं. त्या जहाजाचे कागद तिनं मागवले आणि यंदा ते आले. त्यात एका नावाचे दोघं होते, एक मेलेला आणि एक वाचलेला. दोघंही सोबती असणार, म्हणून तिला माझ्याशी बोलायचं होतं. वाचलेला पुढे कुठे गेला, हे आमच्याकडे कोणाच्या कानावर आलं असेल का?

मी म्हटलं, अखाजीला या. त्या दिवशी माझ्या बापाची आगारी असते, सोबत्याच्या घरचं माणूस असलं तर बरं.

ती आली. माझ्याच वयाची, वाकलेली, पायात कापडी बूट. ओसरीवर टेकली आणि पाणी पिऊन म्हणाली, “खारंच हाय व तुमचंही.”

“तुमच्या अकोल्याचं कोनतं गोड हाय?” मी म्हटलं. ती हसली. दात तिलाही नव्हते.

मग तिनं सांगितलं. तिचा बाप वाचल्याची खबर आली आणि मग काहीच आलं नाही. आई कुंकू लावून वाट पाहत राहिली आणि कुंकू लावूनच मेली. सासरचे म्हणत, त्यानं तिकडे दुसरी केली. पाणवठ्यावर बायका हिच्या आईला विचारत, काय व, पोरगं झालं का तुझ्या नवऱ्याले? हिचं लग्न दोनदा मोडलं. सोडलेलीची पोर म्हणून.

“मी अजून माह्या बापाले घास नाई टाकला,” ती म्हणाली. “जिता हाय का मेला तेच मालूम नाई, तं टाकू कसा? आता तो जिता नसन, हे मलेही समजते. पन तो कुठं मेला, कोनाचा होऊन मेला, हे समजल्याबिगर हात उठत नाई. मी गेल्यावर तं त्याचं नावही कोनी घेनार नाई.”

तिला एवढंच पाहिजे होतं. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, “हे पाहा बाई, राग येऊ द्या का नका येऊ. माहा बाप बुडाला, त्याचा इलाज नव्हता. तुमचा वाचला. वाचलेल्या मानसाले घर सापडत नाई का? ज्याले याचं असते तो पायी येते.”

सून लाल झाली. म्हातारी शांतपणे म्हणाली, “खरं हाय.” मी उठून पुरण वाटायला गेले. टोचून बोलले असं वाटलं नाही मला, खरं बोलले असं वाटलं.

आणि मग पंगत बसली, मी बापाच्या नावानं घास टाकला आणि कौतुकानं करंगळीची गोष्ट सांगितली. आई सांगायची, तो जेवायला बसला की चार बोटांनी घास करायचा आणि वरण मनगटापर्यंत यायचं. डावखुरा होता. ते ऐकून सुनेनं तो कागद काढला. वाचलेल्याच्या नावापुढे अंगावरची खूण लिहिली होती. डाव्या हाताला करंगळी नाही.

“तुमच्या सासूले इचारा,” मी तिला म्हटलं. “यांच्याही बापाची गेली असन.”

म्हातारी म्हणाली, “मी पाच महिन्यांची होती व, मले काय मालूम? ती निशानी वाचली तं आमाले वाटलं, जहाजावर गेली असन करंगळी.”

मग मला अमरावतीच्या भाजीबाजारातला अडत्या आठवला. आमच्या लोकांचं टपाल तेव्हा घरी येत नसे. भाजी घेऊन पहाटे अमरावतीला जायचं, गाडी अडत्याच्या दुकानापुढे सोडायची, तिथेच माल विकायचा, तिथेच निरोप घ्यायचे. मुंबईला गेलेली माणसंसुद्धा घराचा पत्ता म्हणून अडत्याचंच दुकान लिहून देत. गावात पत्र पडून राही, दुकानात पोचे. माझे आजोबा सांगत, त्या दिवशी ते गाडीवरून उतरले नव्हते तोच अडत्यानं कागद हातात दिला आणि रडला.

“तुमचे आजे कवा गेलते?” मी विचारलं.

“आमचं गाव तवा मूर्तिजापूरकडे,” ती म्हणाली. “आमची गाडी नेहमी उशिरा. दिवस वर आल्यावर. आजा सांगे, अडत्या म्हने, एक कागद गेला, हा राह्यला तो तुमचा. हा चांगला हाय, पेढे वाटा.”

दोन कागद, एक नाव, पत्ता एकच. गाव कोणत्याच कागदावर नाही. ज्यांची गाडी आधी आली त्यांना वरचा कागद मिळाला. अडत्यानं मुद्दाम केलं नाही. त्यानं भाजी जशी आलेल्या क्रमानं लावली तसे कागद दिले.

आमची भातकुली जवळ, म्हणून आम्हाला मेलेला मिळाला.

“पुढे काय लिवलं?” मी सुनेला विचारलं.

“राहू द्या, मावशी.”

“वाच म्हनते ना.”

तिनं वाचलं. तो त्यानंतर आणखी जहाजांवर होता, बरीच वर्षं. दर वेळी नवा करार करताना घरचं जवळचं माणूस कोण ते लिहावं लागे. पहिल्या जहाजाच्या वेळी नुसतं ‘बायको’ असं होतं, नाव नव्हतं. नंतरच्या सगळ्या कागदांवर ‘कोणी नाही’ असं होतं. शेवटी एका परक्या बंदरावर तो उतरला. पुढचा कागद नाही.

कोणी नाही. मी आणि आई तेव्हा खाऱ्या पाण्यावर वांगी काढत होतो. आईनं नवरा जिवंत असताना पांढऱ्या कपाळानं दिवस काढले. सणाला मागे उभी राहिली, हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. आणि तिकडे या बाईची आई मेलेल्या नवऱ्याच्या नावानं कुंकू लावत होती आणि टोमणे खात होती. ते टोमणे आमच्या घरचे होते. पत्ता चुकून तिकडे गेले.

जावई म्हणाला, “मामी, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसता? जेवा.” त्याला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते. मला पदर डोक्यावरून तोंडावर ओढून घ्यावासा वाटत होता, कारण माझे स्वतःचे शब्द ओसरीवर पडलेले दिसत होते. ज्याले याचं असते तो पायी येते.

मी म्हातारीपुढे हात जोडले नाहीत. ते मला जमत नाही. मी म्हटलं, “मी मघा जे बोलली ते माह्या बापाले लागू होते. तुमच्या नाई.”

ती निखाऱ्यांकडे सरकली. मग म्हणाली, “तू इतके साल त्याचंच नाव घेऊन टाकत होती ना? नाव तं तेच हाय. म्हंजे माह्या बापाले उपाशी नाई ठेवलं तुवा.” आणि हसली. “मी उगाच फिकीर करून राहिली होती. तो इथं जेवून जात होता.”

गल्लीतली माणसंही हसली. मला हसू आलं नाही. तिनं मला सोडवायला म्हटलं, आणि त्यानं मी जास्तच अडकले.

मी विस्तवावर नवे निखारे ठेवले, पोळीचा तुकडा रसात बुडवून तिच्या हातात दिला. तिनं बापाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, आडनाव घेतलं, आणि या वेळी पुढे गावही घेतलं. मग घास टाकला. सुनेनं वरून तूप सोडलं. म्हातारी तिला म्हणाली, “घरी गेल्यावर मायच्या फोटोले सांगजो, तो आलाच असता म्हना.”

“तू बी टाक व,” ती मला म्हणाली. “आता तं तुहाही नसन जिता.”

मी टाकला नाही. पत्रावळ पुढे ओढली आणि जेवले. बुडाला तो तिचा बाप होता. वाचला तो माझा.