आमचा खोटा वाघ

ऑफिस तीन माणसांचं असलं तरी किस्से तीसजणांचे जमतात. आमच्याकडे तर वाघही कामाला आहे!

चंद्रपुरात किराणा दुकानाच्या वर आमचं ऑफिस. वैशालीताई, प्रणय आणि मी. जंगलालगतच्या गावांसाठी ॲप बनवतो. कॅमेऱ्यासमोर वाघ आला की गावकऱ्यांच्या मोबाईलवर इशारा जातो. आता प्रत्येक टेस्टला खरा वाघ कुठून आणणार? म्हणून मॉक. म्हणजे कोडमधला खोटा कॅमेरा. आपण शिकवू ते बोलतो. "वाघ दिसला" म्हण म्हटलं की म्हणतो.

वैशालीताई एकदा बसमधून प्रणयशी फोनवर बोलत होत्या. "वाघ मी सोडला आहे. तू आता माणसं टाक. दहा-बारा पुरे."

शेजारचे आजोबा थैली उचलून मागच्या सीटवर गेले. कंडक्टर हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही कुठी उतरता?"

माणसंही खोटीच. फोन न उचलणारा एक गावकरी प्रणयला हवा होता. त्याचं नाव त्याने ठेवलं 'सासरेबुवा'. नेमके त्याच दिवशी सावली गावाहून त्याचे खरे सासरे आले. स्क्रीनवर लाल अक्षरात: 'सासरेबुवा फेल'.

प्रणय घाबरला. "मामाजी, हे खोटे सासरे आहेत!"

मामाजींनी चष्मा पुसला. "अन् खरे पास झाले का?"

मग सगळ्या टेस्ट पास झाल्या. आम्ही पेढे खाल्ले. जंगलात खरा कॅमेरा लावला, तर एकही इशारा येईना! वनरक्षक भाऊंना घेऊन पाहायला गेलो. अस्वलाने कॅमेरा पिरगाळून आभाळाकडे केला होता. आमचा खोटा कॅमेरा बिचारा कायम सरळ बघायचा.

वैशालीताई तिथूनच ऑफिसातल्या प्रणयला फोनवर म्हणाल्या, "मॉकमध्ये एक अस्वल टाक."

वनरक्षक भाऊंनी हात जोडले. "नोका टाकू बाई. हायेत तेवढेच सांभाळून राह्यलो."

अखेर मोहर्लीकडच्या एका गावात तळ्याजवळ खरा कॅमेरा लावला आणि डेमो ठरला. त्या गावात लोक संध्याकाळी शेतावर जायला भीत होते, त्यामुळे आम्हालाही धाकधूक होती. समाजमंदिराच्या ओट्यावर बायाबापड्या जमल्या. प्रणयने लॅपटॉप उघडला. त्याने अजून काही दाबलंही नव्हतं, तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले: 'तळ्याजवळ वाघ. घराबाहेर पडू नका.'

बाया उठल्या. लेकरं रडायला लागली. प्रणयचं तोंड उतरलं. मॉक चालू राहिला, असंच त्याला वाटलं. तो दोन्ही हात वर करून ओरडला, "बसा, बसा! घाबरू नका! वाघ खोटा आहे!"

सगळे बसले. फक्त कडेच्या शांताबाई उभ्याच राहिल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्या तळ्याकडे पाहत होत्या.

"बापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा खोटा वाघ पाणी पिऊन राह्यला."