कव्हराखाली चालू राहिलेला कॉम्प्युटर

परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेले बारा कॉम्प्युटर कोडोलीजवळच्या आमच्या शाळेला भेट म्हणून आले. त्यातले चारच चालू झाले. एकाच्या कडेला कुणीतरी काही चिकटवून परत खरवडलेलं होतं. पुसताना माझं बोट तिथं अडायचं. तिकडं ते भंगार असेल, आम्ही ते ठेवलेल्या खोलीबाहेर चपला काढायचो.

मी तिथं शिपाई होते. माहेर-सासर दोन्ही यवतमाळकडं, शाळा सातवीत सुटलेली. नवरा वारणानगरला कामाला लागला म्हणून इतक्या लांब आले, आणि हेडसरांनी तात्पुरतं का होईना, काम दिलं. ते उपकार मी विसरले नाही. पण वर्ष संपत आलं होतं आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर निघते की नाही, हा घोर. हेडसरांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, आता घरीच पाठवतात. "यंत्रावर धूळ बसता कामा नये," एवढंच मला सांगितलेलं. म्हणून इचलकरंजीच्या जाड कापडाची कव्हरं मीच शिवली, पार खालपर्यंत, नाड्या लावून.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर चारही कॉम्प्युटरचे पडदे काळे दिसले. झाले बंद, असं धरून मी नाड्या आवळल्या. सोमवारी दार उघडलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. एक कॉम्प्युटर मेलेला.

हेडसर मुलांवर धावले. "कुणी चाळं केलं रं? सांगा, न्हाईतर ही खोलीच बंद!"

त्या खोलीची किल्ली माझ्याच मुठीत होती. बोलले तर काम जाणार, हे मला दिसत होतं. तरी तोंडातून निघालंच, "सर, मीच बांधून ठेवला जी त्याला. काळा दिसला, वाटलं बंद आहे."

"चालू कॉम्प्युटर गुंडाळून ठिवला? आवो मावशी, थंडी वाजत हुती व्हय त्याला?"

पोरं फिसकन हसली. मी किल्ली पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

"मला कशाला? झाडायचं कुणी हितं?" मग कॉम्प्युटरच्या सरांकडं वळून म्हणाले, "ह्यास्नी बंद करायला शिकवा. ते आदी शिकवायचं आपुनच इसरलो की."

"आणि माझी ऑर्डर, सर?"

"सही झालीया कवाच. बसा आता."

वर्षभर पुसलेल्या त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले, तीही अर्धीच. कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो, आतलं यंत्र चालूच राहतं; बंद करताना शेवटी 'आता बंद करा' अशी नारिंगी इंग्रजी अक्षरं येतात, ती आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं कॉम्प्युटरच्या सरांनी दाखवलं. वाचता येईना, मी त्या ओळींचं रूपच डोळ्यांत धरलं. सहा वेळा करून घेतलं त्यांनी.

त्या संध्याकाळी गेटपर्यंत गेले आणि परत फिरले. तिन्ही यंत्रांच्या पाठीवर तळहात ठेवून पाहिला. गार होती. तरी कव्हर घालायला हात धजेना.