बोरीची शिसवी पेटी

लग्नात वडिलांनी मला एक शिसवी पेटी दिली होती. काळसर झाकण आणि त्यात फिकट लाकडाची पानं बसवलेली. नाशिकच्या घरी ते असलं जडावकाम करत बसायचे आणि मी शेजारी बसून ते शिकले. कुवेतला आल्यावर अब्बासियातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी तोच पसारा मांडला. नवरा तेलकंपनीत इंजिनियर. तो बाल्कनीला वखार म्हणतो आणि कपडे वाळत घालायला जागा मागतो. मी देत नाही.

मुलीचं शिकायला कॅनडाला जायचं ठरलं, तेव्हा तिच्यासाठी हुबेहूब तशी पेटी करायची असं मी मनाशी पक्कं केलं. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. तिच्याबरोबर माझ्या माहेरचं काहीतरी जायला हवं, असं मला फार वाटत होतं.

पण शिसव मिळेना. नाशिकहून भावाने हात वर केले. चांगलं शिसव आता तिथेच दुर्मीळ, त्यात परदेशी पाठवायचं तर कागदपत्रांचं लचांड. मग इथल्या अम्गराच्या भंगारबाजारात सुट्टीचे कितीतरी शुक्रवार घालवले. शिसव म्हणून दाखवायचे ते खरवडलं की खाली पाइन निघायचं. एका मोडक्या पलंगाचं फिकट बीचचं लाकूड तेवढं पानांसाठी उचललं.

आणि एवढे दिवस मी बूड टेकत होते ते एका ओंडक्यावर. आमच्या बिल्डिंगखाली बोरीचं झाड होतं. इथे त्याला सिदर म्हणतात. आदल्या वर्षी पार्किंग वाढवायला ते तोडलं, तेव्हा मला राहवलं नाही म्हणून खोडाचा तुकडा वर आणला होता. तो आता छान वाळला होता. जड, घट्ट, तांबूस. फक्त काळेपणा नव्हता.

त्यावरचा उपाय वडिलांचाच. व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजत घालायची, लाकडाला आधी कडक चहाचा हात द्यायचा आणि वाळल्यावर ते गंजाचं पाणी फिरवायचं. लाकूड डोळ्यांदेखत काळं पडलं. मी इतकी हरखले की नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, संध्याकाळी थोडा चहा मलाही ठेव.

पेटी झाली. वडिलांच्या पेटीशेजारी ठेवून मुलीला दाखवली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की हे शिसव नाहीच, ही आपली खालची बोर आहे. त्या झाडाखाली तिने सगळी शाळा स्कूलबसची वाट पाहिली होती, खिसे भरून बोरं घरी आणली होती. ती पेटी उलटीसुलटी करून बघू लागली. आतूनही काळी, बुडालाही काळी.

"आई, दॅट वॉज आवर ट्री," ती म्हणाली. "काळं कशाला केलंस?"

मला रागच आला. एवढी मेहनत आणि वर हे. पण तिचे डोळे भरले होते. ती खोलीत गेल्यावर मी पेटी आतून खरवडून पाहिली. काळा रंग खोल मुरला होता. शेवटी झाकणावरचं मधलं पान उकरून काढलं आणि तिथे उरलेल्या ओंडक्याचं एक पान बसवलं, काहीही न लावता, तांबूस.

पेटी कॅनडाला गेली. फोनवर बोलताना ती पेटी मांडीवर घेऊन बसते, बोट त्या पानावर.

आता नवऱ्याची नोकरी संपतेय. आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की तिला इथे यायला घर उरणार नाही. ती येईल ती नाशिकला, माझ्या गावाला, पाहुणी म्हणून. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते मला परत मिळणार आणि तिचं जाणार, हे मनातून जात नाही.

परवा मी उरलेला ओंडका चादरीत गुंडाळून कार्गोच्या खोक्यात घातला. नवरा हसायला लागला. नाशिकला काय बोरींचा दुष्काळ पडलाय, म्हणाला.

"तिथल्या बोरी माझ्या," मी म्हटलं. "ही तिची आहे."